बीकरातली झिंक ऑक्साइड फिल्म: स्लाइड धुण्यापासून कणांच्या आकाराच्या हिशेबापर्यंत

व्हॅक्यूम पंप नाही, स्पटरिंगचं यंत्र नाही, एक्सआरडीसाठी (स्फटिक तपासणारं एक्स-रे विवर्तन) विद्यापीठात नंबर लावावा लागतो, आणि एमएस्सीचा प्रोजेक्ट मात्र 'नॅनोक्रिस्टलाइन पातळ फिल्म' (नॅनोमीटर मापाच्या स्फटिकांचा पातळ थर) असा आहे. अशा परिस्थितीत असलेल्या विद्यार्थ्यासाठी हा लेख आहे. लागणाऱ्या वस्तू म्हणजे चार बीकर, एक हॉट प्लेट, मायक्रोस्कोपच्या काचेच्या स्लाइड आणि बऱ्यापैकी संयम.

पद्धतीचं नाव सिलार. स्लाइड आधी धातूच्या आयनांच्या द्रावणात बुडवायची, आयनांचा पातळ थर काचेला चिकटू द्यायचा, मग दुसऱ्या बीकरात बुडवून त्या थराची अभिक्रिया घडवायची, सुटे कण धुऊन टाकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वाय. एफ. निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये ही पद्धत मांडली. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सिलार आणि केमिकल बाथ (स्लाइड एकाच द्रावणात ठेवून फिल्म वाढवणं) या दोन्ही पद्धतींवर इतकं काम केलं आहे की, पश्चिम महाराष्ट्रातल्या कॉलेजांत फिल्म म्हटलं की पहिल्यांदा बीकरच डोळ्यांसमोर येतो.

पदार्थ म्हणून झिंक ऑक्साइड घ्या. कॅडमियम सल्फाइडची फिल्म पिवळीधमक आणि देखणी होते, फोटोतही छान दिसते, पण कॅडमियम विषारी आहे आणि पदवीच्या प्रयोगशाळेतलं सांडपाणी शेवटी कुठे जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. झिंक ऑक्साइड त्या मानाने गरीब स्वभावाचं. शिवाय त्याचा एक्सआरडी पॅटर्न स्वच्छ आणि ओळखीचा असल्यामुळे चूक झाली तर लगेच कळते.

स्लाइड धुणं

वीसपैकी पंधरा फिल्म इथेच बिघडतात. नवी स्लाइड डब्यातून काढली म्हणजे ती स्वच्छ असते असं नाही. तिच्यावर तेलकट थर असतोच. आधी साबणाच्या द्रावणाने कापसाने घासा, नळाखाली धुवा, मग डिस्टिल्ड पाणी. त्यानंतर ॲसिटोनमध्ये दहा मिनिटं आणि पुन्हा डिस्टिल्ड पाण्यात दहा मिनिटं. अल्ट्रासॉनिक बाथ असेल तर त्यात ठेवून. जुन्या जर्नलांमध्ये क्रोमिक ॲसिडात उकळायला सांगितलेलं असतं. ते करू नका. सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि या कामाला त्याची मुळीच गरज नाही.

स्वच्छता तपासायची साधी युक्ती: स्लाइड पाण्यातून उभी बाहेर काढा. पाणी अखंड पडद्यासारखं उतरलं तर काच तयार. थेंब थेंब होऊन तुटलं तर पुन्हा साबण. यानंतर काचेला बोट लावायचं नाही, कडेनेच चिमट्यात धरायची. माझ्या पहिल्या सहा फिल्मपैकी चारांवर माझ्या अंगठ्याचा ठसा इतका सुबक उमटला होता की गाइड म्हणाले, आधार कार्डाला लाव.

क्रमांक मार्करने लिहू नका. ॲसिटोनमध्ये मार्कर आधी जातो आणि मग भट्टीत उरलासुरला जातो. हिरकणी पेन्सिलने वरच्या कोपऱ्यात, न बुडणाऱ्या भागावर कोरा. स्लाइड वाळवून वजन करा आणि लिहून ठेवा. हे वजन नंतर जाडीसाठी लागणार आहे, आणि ते आत्ता घेतलं नाही तर नंतर मिळणार नाही.

द्रावण

झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटचा रेणुभार २८७.५ आहे. ०.१ मोलार द्रावण १०० मिली हवं, म्हणजे २.८८ ग्रॅम. ते साधारण ७० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. आता फ्युम हूडखाली, ढवळत ढवळत, लिकर अमोनिया (पाण्यातलं अमोनियाचं तीव्र द्रावण) थेंबाथेंबाने टाका. आधी दुधासारखा पांढरा साका येईल, तो झिंक हायड्रॉक्साइडचा. घाबरून थांबू नका. आणखी अमोनिया घातला की झिंकचा अमोनियाशी संकुल आयन (मध्ये झिंक, भोवती अमोनियाचे रेणू) बनतो, साका विरघळतो आणि द्रावण पुन्हा नितळ होतं. मग पाणी घालून १०० मिली करा.

अमोनिया किती घालायचा, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. एका झिंक आयनाला चार अमोनिया, या हिशेबाने २५ टक्क्यांच्या अमोनियाचे ३ मिली पुरायला हवेत. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट लागतो, कारण साका आणि संकुल यांच्यात रस्सीखेच चाललेली असते. म्हणून आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा: द्रावण नितळ झालं की अगदी थोडा जास्तीचा घालून थांबा, आणि एकूण किती मिली लागला ते वहीत लिहा. भरमसाट घातला तर संकुल इतकं पक्कं होतं की पुढच्या बीकरात ते फुटायला तयार होत नाही आणि फिल्म नावालाच वाढते.

एक सूचना एप्रिल-मे महिन्यांसाठी. उन्हाळ्यात अमोनियाच्या बाटलीत दाब साठतो. ती अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवून, चष्मा लावून, झाकण हळू सैल करा. सोलापूर-नागपूरकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

पाण्याबद्दल थोडं. 'डिस्टिल्ड' असं लिहिलेल्या कॅनमध्ये काय असेल ते त्या कॅनलाच ठाऊक. परीक्षानळीत थोडं घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पांढुरकी झाक आली तर त्यात क्लोराइड आहे. दुसरं पाणी शोधा.

बुडवणं

तीन बीकर ओळीने मांडा. पहिल्यात झिंक-अमोनियाचं द्रावण, खोलीच्या तापमानाला. दुसऱ्यात हॉट प्लेटवर ९० ते ९५ अंश सेल्सिअसचं पाणी. तिसऱ्यात साधं डिस्टिल्ड पाणी.

पहिल्यात २० सेकंद. इथे झिंकचे संकुल आयन काचेला चिकटतात. दुसऱ्यात २० सेकंद. गरम पाण्यात अमोनिया निसटतो, संकुल फुटतं, हायड्रॉक्साइड बनतं आणि त्यातलं बरंचसं तिथेच ऑक्साइड होतं. तिसऱ्यात २० सेकंद हलवून धुवा, म्हणजे नुसती चिकटलेली पावडर निघून जाईल. हे झालं एक चक्र. ने-आण धरून सव्वा मिनिट. चाळीस चक्रांना सुमारे ५० मिनिटं.

विद्यार्थी कंटाळून ज्या पायरीला काट मारतात ती नेमकी तिसरी. धुणं टाळलं तर फिल्म भराभर जाड होते, पांढरी दिसते, बरं वाटतं. आणि वाळल्यावर फुंकर मारली की उडते. तिसऱ्या बीकरात तळाला पांढरं काही साचताना दिसलं तर समाधान माना. ते तुमच्या फिल्मवर राहायला नको होतं.

दुसरा बीकर सतत बघत राहा. दर चक्राला पहिल्या बीकरातलं थोडं द्रावण स्लाइडबरोबर तिथे जातं आणि पाणी हळूहळू दुधाळ होतं. मग अभिक्रिया काचेवर होण्याऐवजी पाण्यातच होते आणि तयार कण येऊन फिल्मवर बसतात. वीस-पंचवीस चक्रांनी पाणी बदला. बदलायचं पाणी आधीच दुसऱ्या हॉट प्लेटवर तापवून ठेवलं तर तापमान पडत नाही. पहिल्या बीकरावर, हात चालत नसेल तेव्हा, वॉच ग्लास झाका. अमोनिया उडून गेला की तिथेही साका येतो. कालचं उरलेलं द्रावण आज वापरू नका.

मोजणी तोंडी करू नका. कागदावर पाच-पाचच्या रेघा ओढा. सत्ताविसाव्या चक्राला कुणीतरी हमखास चहाला बोलवायला येतं.

आणि एक कोरी स्लाइड सोबत ठेवा, सगळ्या पायऱ्यांतून नेलेली, फक्त पहिल्या बीकरात झिंकऐवजी नुसतं अमोनियाचं पाणी. पुढे ही कोरी काच फार उपयोगी पडते.

संपल्यावर झिंकचं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. प्रयोगशाळेतल्या जड धातूंच्या कॅनमध्ये टाका.

भाजणं

फिल्म खोलीच्या तापमानाला वाळवा. मागच्या बाजूची फिल्म, अगदी सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये पिळून घेतलेल्या कापसाने पुसा; झिंक ऑक्साइड चटकन विरघळतं, त्यामुळे कडेवरून थेंब पुढच्या बाजूला जाणार नाही एवढं सांभाळा. मग मफल फर्नेसमध्ये ३५० ते ४०० अंशांवर एक तास. राहिलेलं हायड्रॉक्साइड यात ऑक्साइड होतं, पाणी जातं, स्फटिक थोडे वाढतात. स्लाइडची काच साधी सोडा-लाइम असते. ४५० अंशांच्या पुढे जाऊ नका. भट्टी बंद करून दार न उघडता रात्रभर थंड होऊ द्या. गरम दार उघडलं की काच तडकते, आणि ती नेमकी सगळ्यात चांगली फिल्म असते. लोडशेडिंग असलेल्या गावात मधेच वीज गेली तर सरळ दुसरी स्लाइड घ्या. 'अर्धा तास आणि मग पुन्हा अर्धा तास' याला एक तास म्हणता येत नाही.

आता चिकटपणा बघायला साधी सेलोटेप फिल्मच्या कोपऱ्यावर लावून ओढा. टेपवर पांढरट धूळ आली तर धुण्यात कसूर झाली आहे.

जाडी

प्रोफायलोमीटर नसेल तर वजनावरून जाडी निघते. फिल्मचं वजन भागिले (घनता गुणिले क्षेत्रफळ). झिंक ऑक्साइडची घनता ५.६१ ग्रॅम प्रति घन सेमी. समजा बुडलेला भाग ४ सेमी बाय २.५ सेमी, म्हणजे १० चौरस सेमी, आणि स्लाइडचं वजन २.८ मिलिग्रॅमने वाढलं. जाडी आली ५०० नॅनोमीटर.

आता या आकड्याची पत बघा. तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. एवढ्या क्षेत्रफळावर ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १८ नॅनोमीटर. दोन वजनांची वजाबाकी असल्याने चूक ३५ च्या आसपास सहज जाते. शिवाय घनता आपण सलग घन पदार्थाची वापरली. सिलारची फिल्म सच्छिद्र असते, त्यामुळे खरी जाडी याहून जास्तच असणार. म्हणून '५०३.७ नॅनोमीटर' लिहिणाऱ्याला मी आधी तराजू दाखवायला सांगतो.

एक्सआरडी, आणि इथे जरा थांबायचं

स्कॅन असा मागा: २० ते ८० अंश, ०.०२ अंशांची पायरी, दर पायरीला किमान एक सेकंद. तीन हजार पायऱ्या, ५० मिनिटं. यंत्रावरचा ऑपरेटर घाईत असतो आणि दहा मिनिटांत स्कॅन उरकतो. त्याला आदल्या दिवशीच विनंती करून ठेवा. पातळ फिल्मचे पीक (आलेखातले उंचवटे) आधीच लहान, त्यात घाईचा स्कॅन म्हणजे नुसती खरखर. २० ते ३० अंशांच्या मध्ये जो पसरट फुगवटा दिसेल तो काचेचा आहे, तुमच्या फिल्मचा नव्हे. कोऱ्या स्लाइडचा स्कॅन घेतला असेल तर हे सिद्ध करून दाखवता येतं.

तांब्याच्या एक्स-किरणांनी झिंक ऑक्साइडचे तीन मुख्य पीक ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांच्या जवळ येतात: (१००), (००२) आणि (१०१). कंसातले आकडे म्हणजे तो पीक स्फटिकातल्या अणूंच्या कोणत्या प्रतलांमुळे आला त्याची खूण. पावडरमध्ये (१०१) सगळ्यात उंच असतो. फिल्ममध्ये पुष्कळदा (००२) वर चढतो, कारण स्फटिक काचेवर उभे वाढायला बघतात.

आता शेरर. पॉल शेरर यांनी १९१८ मध्ये मांडलेलं सूत्र असं: स्फटिकाचा आकार म्हणजे ०.९ गुणिले तरंगलांबी, भागिले (पीकची रुंदी गुणिले कॉस थीटा). स्फटिक जितका लहान तितका पीक रुंद. एवढ्याशा सूत्रात विद्यार्थी किती प्रकारे घसरतात हे मी वर्षानुवर्षं वह्यांत पाहत आलो आहे, म्हणून खरोखर आकडे घालून दाखवतो.

तुमचा (००२) पीक ३४.४२ अंशांवर आहे. अर्ध्या उंचीवर रुंदी ०.४० अंश. तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर.

पहिली घसरण: रुंदी अंशांतच ठेवली. उत्तर येतं ०.३६ नॅनोमीटर. झिंक ऑक्साइडच्या एकक पेशीची उंचीच ०.५२ नॅनोमीटर आहे, म्हणजे पेशीपेक्षा लहान स्फटिक निघाला. रुंदी रेडियनमध्ये घ्यायची: अंश गुणिले पाय भागिले १८०.

दुसरी घसरण: कॉस घेताना ३४.४२ च घातला. ग्राफच्या आडव्या अक्षावर दोन थीटा असतो. सूत्रात थीटा हवा, म्हणजे १७.२१ अंश. ही चूक जास्त धोकादायक, कारण उत्तर वेडंवाकडं येत नाही. वीस-बावीसच्या जागी चोवीस-पंचवीस येतं आणि कुणालाच शंका येत नाही.

तिसरी: यंत्राची स्वतःची रुंदी वजा केली नाही. अगदी परिपूर्ण, मोठ्या स्फटिकाचा पीकही यंत्रावर रेषेसारखा येत नाही. लँथेनम हेक्झाबोराइडची किंवा चांगल्या भाजलेल्या सिलिकॉनची पावडर त्याच सेटिंगवर स्कॅन करून ही रुंदी काढतात. समजा ती ०.१० अंश निघाली. तांब्याच्या किरणांत दोन जवळजवळच्या तरंगलांबी असतात, ०.१५४०६ आणि ०.१५४४४, त्यांच्यामुळेच ३४ अंशांजवळ पीक सुमारे ०.०९ अंशांनी दुभंगतो. फिल्मच्या रुंद पीकमध्ये हा दुभंग दिसत नाही, पण असतो. सॉफ्टवेअरमध्ये दुसरी तरंगलांबी काढून टाकायची सोय असते, ती दोन्ही स्कॅनसाठी वापरा.

आणि चौथी, जिला चूकही म्हणता येत नाही. वजाबाकी करायची कशी? पीकचा आकार गॉसियन (घंटेसारखा, कडा लवकर उतरणारा) मानला तर वर्गांची वजाबाकी: ०.१६ वजा ०.०१, त्याचं वर्गमूळ ०.३९ अंश. आकार येतो साधारण २१ नॅनोमीटर. लॉरेन्ट्झियन (लांब पसरलेल्या कडांचा) मानला तर सरळ वजाबाकी: ०.३० अंश. आकार येतो साधारण २८ नॅनोमीटर. पीक तोच, यंत्र तेच, फिल्म तीच. खरा पीक या दोहोंच्या मधला असतो. त्यामुळे '२१.४७ नॅनोमीटर' हे दोन दशांश स्थळांचं उत्तर कुठून येतं? कॅल्क्युलेटरमधून. 'वीस ते तीस नॅनोमीटर' एवढंच आपल्याला माहीत आहे, आणि तेवढंच लिहावं.

अजून एक, जे तोंडी परीक्षेत हमखास विचारलं जातं. हा आकार कोणत्या दिशेतला? नेहमीच्या एक्सआरडी मांडणीत फक्त काचेला समांतर असलेली अणूंच्या प्रतलांची रास पीक देते. म्हणजे (००२) वरून काढलेला आकार हा स्फटिकाची काचेला लंब असलेली उंची आहे. आडवी रुंदी त्यातून कळत नाही. स्फटिक उभ्या काठ्यांसारखे असतील तर हा फरक मोठा पडतो. आणि एसईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोत २०० नॅनोमीटरचे दाणे दिसले म्हणून शेरर खोटा ठरत नाही. एका दाण्यात अनेक स्फटिक असू शकतात.

रुंदी केवळ आकारामुळे येते असंही नाही. स्फटिकातल्या ताणामुळेही पीक पसरतो. दोन्ही वेगळं करायला विल्यमसन आणि हॉल यांची १९५३ ची पद्धत आहे, पण तिला वेगवेगळ्या कोनांवरचे चार-पाच चांगले पीक लागतात. तुमच्या फिल्ममध्ये (००२) एकटाच डोकं वर काढून उभा असेल तर दोन बिंदूंतून रेघ ओढून ताण काढू नका. विषम ताणाचा विचार केलेला नाही, असं एक वाक्य लिहा.

याच तंत्राची दुसरी सीमा अणुभट्टीच्या पोलादात दिसते. ऑक्साइड पसरवलेल्या क्रोमियम पोलादात यिट्रियमच्या ऑक्साइडचे काही नॅनोमीटरचे कण मुद्दाम पेरलेले असतात. तेच उच्च तापमानाला पोलादाला सरकू देत नाहीत. पण यिट्रिया असतो जेमतेम ०.३ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे साध्या प्रयोगशाळेतल्या एक्सआरडीवर त्याचा पीक पार्श्वभूमीत बुडून जातो. तिथे टीईएम (आरपार बघणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) किंवा ॲटम प्रोब (एकेक अणू ओळखणारं यंत्र) यांच्याकडे जावं लागतं. पीक दिसला नाही म्हणजे पदार्थ नाही, असं होत नाही.

ऑप्टिकल मोजमाप

यूव्ही-व्हिजिबलमध्ये (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) संदर्भासाठी ती कोरी स्लाइड ठेवा. काच स्वतःच ३०० नॅनोमीटरच्या आसपास आणि त्याखाली सगळं शोषून घेते, त्यामुळे तिथले आकडे फेकून द्या. झिंक ऑक्साइडची शोषणाची कड ३७५ नॅनोमीटरजवळ येते, म्हणजे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. टाउक आलेखात शोषण गुणांक गुणिले ऊर्जा यांचा वर्ग, ऊर्जेच्या अक्षावर. सरळ भाग वाढवून अक्षाला मिळवायचा; जिथे मिळतो ती ऊर्जा म्हणजे बँड गॅप, इलेक्ट्रॉनला मोकळं करायला लागणारी किमान ऊर्जा. सरळ भाग कुठून कुठवर धरला ते आलेखावर दाखवा. तो सोयीने निवडला तर ३.१ पासून ३.४ पर्यंत काहीही काढता येतं.

मग येतं सगळ्यांचं आवडतं वाक्य: 'नॅनोकणांमुळे क्वांटम कन्फाइनमेंट झाल्याने बँड गॅप वाढला', म्हणजे इलेक्ट्रॉन चिमुकल्या कणात कोंडला गेल्याने. झिंक ऑक्साइडमध्ये एक्सिटॉनची (इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली रिकामी जागा यांची जोडी) बोर त्रिज्या, म्हणजे त्या जोडीचा पसारा, २.३ नॅनोमीटरच्या जवळपास आहे. स्फटिक त्या मापाच्या जवळ आला तर हा परिणाम ठळक दिसतो. तुमचे स्फटिक वीस-तीस नॅनोमीटरचे. ३.२६ आणि ३.२९ यांतला फरक हा रेघ ओढण्यातला फरक आहे.

फिल्म काचेच्या पेटीत सिलिका जेल टाकून ठेवा, पावसाळ्यात जेल दर आठवड्याला भाजून निळं करून घ्या. आणि अहवालात फिल्मविषयीचा परिच्छेद साधारण असा लिहा: 'चाळीस चक्रांनंतर ४०० अंशांवर एक तास भाजलेल्या फिल्मची वजनावरून काढलेली जाडी सुमारे ५०० नॅनोमीटर (सच्छिद्रता धरलेली नाही). (००२) पीकवरून काचेला लंब दिशेतला स्फटिकाचा आकार २० ते ३० नॅनोमीटर. यंत्राची रुंदी सिलिकॉन पावडरवरून वजा केली आहे. ताणाचा विचार केलेला नाही.' बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की आकार नेमका का दिला नाही, तर वहीतलं गॉसियन आणि लॉरेन्ट्झियनचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवा.